अंतराळातला डॉक्टर आणि खाटेवरची आजी

गेल्या आठवड्यात बारावी शास्त्र शाखेतला एक मुलगा आजीला रक्तदाब तपासायला घेऊन आला. निघताना भीत भीत म्हणाला, "डॉक्टरकाका, मला डॉक्टर व्हायचंय आणि अंतराळातही जायचंय. एकच निवडावं लागेल का?" आजीला हसू आले. मी मात्र त्याला बसवून घेतले.

वाचकहो, दोन्ही साधलेली माणसे आहेत. १९६४ साली सोविएत संघाचे डॉ. बोरिस येगोरोव्ह अंतराळात जाणारे पहिले डॉक्टर ठरले. डॉ. वालेरी पोल्याकोव्ह तर जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे सलग ४३७ दिवस 'मीर' स्थानकावर राहिले. इतके दिवस राहून माणूस धडधाकट परततो का, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावरच तपासले.

तेथे पायांवर भार पडत नाही. त्यामुळे स्नायू रोडावतात आणि हाडांतले कॅल्शियम लघवीवाटे जाते. कमरेची व मांडीची हाडे महिन्याला सुमारे एक टक्का विरळ होतात. यावर उपाय म्हणजे रोज सुमारे दोन तास व्यायाम. पोल्याकोव्ह परतले तेव्हा यानातून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले.

याचा आपल्याशी काय संबंध? खाटेला खिळलेल्या माणसाचेही असेच होते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला तापातून उठलेल्या एका आजोबांना मी महिनाभर पूर्ण विश्रांती सांगितली होती. ताप गेला, पण त्यांचे चालणे काही परत आले नाही. ती चूक मी विसरलेलो नाही.

म्हणून घरातल्या आजारी वृद्धांना "उठू नका" म्हणण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी परवानगी दिली की आधी खाटेच्या कडेला बसवावे, मग आधार देऊन उभे करावे, मग चार पावले चालवावे. पडल्यापडल्याही पायाचे घोटे हलवत राहावे.

त्या मुलाला सांगितले, "आधी एमबीबीएस मन लावून कर. बेंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे, तिथे पुढे या विषयात एम. डी. करता येते. स्वतः अंतराळात जाशीलच असं नाही, पण जाणाऱ्यांची प्रकृती सांभाळायलाही डॉक्टर लागतातच. आणि आजपासून आजीला रोज अंगणात चालव. तुझा पहिला धडा तोच."