कोंबडा कीं तलंग? विक्रीपूर्वीं ओळखण्याची रीत

परसांत कोंबड्या बाळगणाऱ्यास पूर्ण वाढलेला कोंबडा ओळखावयास शिकवावें लागत नाहीं. खरी अडचण पिलें दीड-दोन महिन्यांचीं असतांना येते. त्या वयांत नर समजून विकलेली तलंग म्हणजे पुढील अंड्यांचें नुकसान. आणि तलंग समजून पोसलेले जादा नर दाणा खातात व आपसांत झुंजतात.

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास नराचा तुरा व चोचीखालील पाळ्या वाढून तांबड्या होऊं लागतात. मादीच्या लहान व फिकट राहतात. मात्र ही तुलना एकाच जातीच्या व एकाच वयाच्या पिलांतच करावी. असील जातीचा तुरा मुळांतच आखूड, तर लेगहॉर्नचा मोठा. मिश्र कळपांत केवळ तुरा पाहून आम्ही एकदां दोन लेगहॉर्न तलंगी बाजारीं धाडल्या आणि असील नर घरीं पोसले!

याहून खात्रीची खूण पिसांची होय. पिलूं तीन महिन्यांचें झालें म्हणजे तें उजेडांत धरून मानेवरील व शेपटीच्या मुळाशीं पाठीवरील पिसें पाहावींत. बहुतेक जातींत नराचीं हीं पिसें लांब, अरुंद, टोकदार व चकचकीत असतात. मादीचीं रुंद व गोल टोकाचीं असतात.

पायामागील कांट्यावर विसंबूं नये. वयस्क कोंबडीसही तो येतो. टोकदार अंड्यांतून नर निघतो, हा समजही निराधार आहे. पिलाचें लिंग अंडें घातलें जाण्यापूर्वींच मादीच्या बीजावरून ठरलेलें असतें. कवचाच्या आकाराशीं त्याचा संबंध नाहीं.

एका दिवसाच्या पिलाचें गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची रीत जपानांत मासुई व हाशिमोतो या शास्त्रज्ञांनीं इ. स. १९२० नंतरच्या दशकांत पुढें आणली. परंतु तीस दीर्घ अभ्यास लागतो. अननुभवी हातांत पिलूं दुखावतें. शेतकऱ्यानें ती घरीं करूं नये.

आमची सूचना इतकीच कीं, दोन महिन्यांस संशयित नराच्या पायांत सैल रंगीत कडें घालावें, तीन महिन्यांस पिसें पाहावींत, आणि दोन्ही खुणा जुळल्या तरच तो विकावा. महिनाभराचा दाणा खर्ची पडेल. पण अंडीं देणारी तलंग हातची जाणार नाहीं.