पुस्तकांची यादी हातात आली की पैसे कुठे वाचतात

कॉलेज सुरू झाले की ठाणे, डोंबिवली, कल्याणला पुस्तकांच्या दुकानांत गर्दी उसळते आणि पुष्कळ घरांत अख्खी यादी एकाच दिवशी विकत घेतली जाते. एवढी घाई करू नका. यादीत नेमलेली आणि नुसती संदर्भासाठी सुचवलेली पुस्तके एकाखाली एक छापलेली असतात. रोज कोणते लागणार, हे आधी प्राध्यापकांना विचारा.

शाळेच्या यादीचे म्हणाल, तर पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तके मोफत मिळतात. पुढच्या वर्गांची बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट आहेत. ती वाचायला उतरवून घ्या, पण छापून घेऊ नका. दोन रुपये पानाने दोनशे पाने म्हणजे चारशे रुपये होतात, त्यापेक्षा बालभारतीचे छापील पुस्तक स्वस्त पडते.

पदवीला मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे, म्हणजे पूर्वीच्या ‘आयडॉल’चे, अभ्याससाहित्य विनामूल्य उघडता येते. बी.ए., बी.कॉम.च्या नियमित विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडते. फक्त आपल्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटक जुळवून पाहा. सी.ए. करणाऱ्यांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे स्वतःचे साहित्य तिच्या संकेतस्थळावर आहेच.

कॉलेजच्या ग्रंथालयात ‘पुस्तकपेढी आहे का?’ असे स्पष्ट विचारा. पेढीतला संच सत्रभर घरी ठेवता येतो. रोजच्या देवघेवीतले पुस्तक थोड्या दिवसांत परत करावे लागते. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कायदा अशा अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची वेगळी पुस्तकपेढी योजना आहे. हा त्यांचा हक्क आहे, तो मागायला संकोच कशाला?

साहित्याच्या विद्यार्थ्यांचे नशीब याहून चांगले. नेमलेली कादंबरी किंवा नाटक दुकानात मिळत नसले, तरी १८६४ पासून चालत आलेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा १८९३ च्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात सापडण्याची शक्यता मोठी. वाचनालयाचा खर्च दोन भागांत असतो: अनामत आणि वर्गणी. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेवा.

जुनी पुस्तके घेताना मात्र खरी सावधगिरी हवी. अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि सी.ए.च्या पुस्तकांसाठी माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाजवळच्या विक्रेत्यांकडे जाणे परवडते. लोकलचे द्वितीय वर्गाचे जाऊन-येऊन भाडे २० ते ३० रुपये, त्यामुळे एकाच पुस्तकासाठी गेलात तरी खर्च अंगावर येत नाही. जाण्याआधी एवढे लक्षात ठेवा: मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. त्याआधीचे गाइड अगदी कोरे दिसले तरी घटक वेगळे असू शकतात. किमतीआधी आवृत्तीचे वर्ष पाहा आणि परत विकायला आणले तर काय भाव मिळेल, हेही तिथेच विचारून घ्या. ४०० रुपयांना घेतलेले पुस्तक २०० ला परत गेले, तर तुमचा खरा खर्च २०० च. सीनियरकडून थेट मिळाले तर याहून उत्तम, कारण त्यात समासातल्या खुणाही मिळतात.

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढणे बहुधा तोट्याचेच. दीड रुपया पानाने ४०० पानांचे ६०० रुपये होतात, वर बाइंडिंग वेगळे. स्थानिक लेखकाचे नवे पुस्तक त्याहून कमी किमतीत येऊ शकते. एखादे प्रकरणच लागत असेल तर तेवढ्याचीच प्रत काढा. शिक्षणासाठी निवडक भागांच्या प्रती काढायला कायद्यात जागा आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात मान्य केले होते.

परीक्षा संपताच पुस्तके विकायची असतील तर आधी निकाल लागू द्या. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावे लागते.