जुळ्या तबकड्या आणि त्यांवरचा पहारा

व्यापारात माल जळाला तर तो पुन्हा भरता येतो. परंतु कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, हे सांगणारी खतावणी जळाली तर पेढीच बुडते. आज ही खतावणी संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये असते. बँकेतील ठेवी, विम्याचे हप्ते, विद्यापीठाचे गुण, यांतील बरेच काही मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चुंबकीय तबकड्यांवर लिहिलेले असते. यंत्र म्हटले की ते केव्हातरी बिघडणारच. मग या चोपडीचे रक्षण कसे करावयाचे, हा प्रश्न ओघानेच येतो.

त्यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे एकाच वेळी दोन डिस्कवर तोच मजकूर लिहिणे. यास मिररिंग म्हणतात. आपण त्याला ‘प्रतिबिंबन’ म्हणू. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहते. अमेरिकेतील टँडम या १९७४ साली स्थापन झालेल्या कंपनीने अखंड चालणारी संगणकव्यवस्था बनवताना ही पद्धत वापरली. पुढे १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कचे समूह बनवण्याविषयी आपला प्रसिद्ध निबंध सादर केला आणि ‘रेड’ हे नाव रूढ झाले. त्यांच्या वर्गवारीत प्रतिबिंबनाला पहिली पायरी मिळाली.

येथवर सारे सोपे वाटते. परंतु या व्यवस्थेचा गुण हाच तिचा दोषही आहे. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. आणि काम थांबत नाही म्हणून ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कारकुनाच्या पडद्यावर आकडे पूर्वीसारखेच उमटत राहतात. वास्तविक आता सारा भार एका डिस्कवर असतो. मालक मात्र आपल्याजवळ दोन आहेत या समाधानात असतो.

या गाफीलपणाची किंमत थोड्याशा गणिताने कळेल. शंभरांपैकी ३ डिस्क वर्षाला बिघडतात आणि एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसतो, असे घटकाभर गृहीत धरू. जोडीवर कोणाचेही लक्ष नसेल, तर पाच वर्षांत दोन्ही डिस्क जाण्याची शक्यता सुमारे ५०त १ येते. उलट, पहिली डिस्क गेल्याचे त्याच दिवशी कळले आणि एका दिवसात नवी बसवून तिच्यावर सारा मजकूर उतरवून झाला, तर हीच शक्यता सुमारे ४०,०००त १ इतकी खाली येते. दोन्ही ठिकाणी खर्च दोन डिस्कचाच. फरक केवळ पहाऱ्याचा! प्रत्यक्षात दोन्ही डिस्क पुष्कळदा एकाच वेळी विकत घेतलेल्या असतात, एकाच पेटीतील उष्णता सोसतात आणि एकाच विजेवर चालतात. म्हणून खरा धोका या आकड्यांहून अधिकच असतो.

हा पहारा कसा ठेवतात? लिनक्स प्रणालीत जोडीची स्थिती एका ओळीत दिसते. दोन्ही डिस्क धडधाकट असल्यास दोन ‘यू’ अक्षरे उमटतात. एक गेली की तिच्या जागी नुसती आडवी रेघ येते. परंतु ही ओळ रोज कोण पाहणार? म्हणून बिघाड होताच व्यवस्थापकाला आपोआप पत्र धाडणारा कार्यक्रम चालू ठेवतात. हा इशारा खरोखर पोहोचतो की नाही, हेही मधूनमधून तपासावे लागते. कारण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जाणारा इशारा नसल्यासारखाच.

दुसरे काम म्हणजे संपूर्ण डिस्कचे नियमित वाचन. जो भाग वर्षानुवर्षे कोणी उघडलेला नाही तो खराब झाल्याचे एरवी कळत नाही. ते कळते नेमके जोडीदार गेल्यावर, नव्या डिस्कवर मजकूर उतरवताना. म्हणून डेबियन या लिनक्सच्या प्रकारात महिन्याच्या पहिल्या रविवारी ही तपासणी आपोआप होण्याची योजना आहे.

तिसरे काम लक्षणे पाहण्याचे. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. परंतु त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. तात्पर्य, लक्षण दिसल्यास डिस्क बदलावी. न दिसल्यास निश्चिंत मात्र राहू नये.

शेवटी प्रतिबिंबनाची मर्यादा सांगितली पाहिजे. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. मूळ पोथीत माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेतही तेथे माशी चिकटवणारा तो लिपिकार! जुळी डिस्क नेमकी तशीच असते. चुकून मजकूर पुसला गेला तर ती तोही तत्परतेने पुसते. लोकांच्या दैनंदिन्या सांभाळणाऱ्या जर्नलस्पेस या संकेतस्थळाचा माहितीसाठा २००८च्या अखेरीस असाच नष्ट झाला. जुळी डिस्क होती, पण स्वतंत्र प्रत नव्हती. दोन्हींवरील मजकूर गेला आणि ते स्थळ बंद पडले. म्हणून अन्यत्र ठेवलेली आणि अधूनमधून उघडून पाहिलेली जुनी प्रत हवीच.

यंत्राला जोडीदार देणे हे पैशाचे काम आहे, ते एका दिवसात उरकते. जोडीदार जिवंत आहे ना, हे रोज पाहणे मात्र माणसाच्या शिस्तीचे काम आहे आणि ते कधीच संपत नाही. चोपडीचे खरे रक्षण या दुसऱ्या कामानेच होते.