मरीन बटालियन : मोडलेली पलटण आणि मागे राहिलेला वारसा

आरमाराचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि आंग्र्यांची गलबते उभी राहतात. परंतु कोकणच्या याच किनाऱ्यावरील दुसरी एक सागरी सैन्यपरंपरा पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. ती म्हणजे मुंबई इलाख्याच्या सैन्यातील ‘मरीन बटालियन’. तिचा शेवट होऊन नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. तिच्यासारख्या पलटणींतून निवृत्त झालेल्या सैनिकांनी मागे ठेवलेल्या वारशाचा परिणाम मात्र कोकणापासून बेळगावपर्यंत आणि मध्य प्रदेशातील महू व सागरपर्यंत पोहोचलेला दिसतो.

जहाजावर राहून लढणाऱ्या पायदळ सैनिकास ‘मरीन’ म्हणतात. तो खलाशी नव्हे. शिडे व सुकाणू सांभाळणे हे त्याचे काम नसते. जहाजावर पहारा करणे, शत्रूचे जहाज जवळ आल्यास बंदूक चालविणे आणि हुकूम होताच होड्यांतून किनाऱ्यावर उतरून ठाणे काबीज करणे, ही त्याची कर्तव्ये होत. ईस्ट इंडिया कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरमारास ‘बॉम्बे मरीन’ हे नाव होते. या आरमाराच्या जहाजांवर नेमण्यासाठी १७७७ मध्ये मुंबईत एक स्वतंत्र पलटण उभारण्यात आली, तीच मरीन बटालियन. १८२४ च्या पुनर्रचनेत तिला एकविसावा क्रमांक मिळाला, तरी ‘मरीन’ हे नाव तिच्या क्रमांकाबरोबर चालत राहिले.

समुद्रावर जाण्यास कोण तयार होता, हा त्या काळी साधा प्रश्न नव्हता. समुद्रगमनाने जात बाटते, जहाजावर पाण्याचा व स्वयंपाकाचा विटाळ पाळता येत नाही, अशी उच्चवर्णीय शिपायांची समजूत होती. बंगालच्या सैन्यात हा प्रश्न फार चिघळला. १८२४ मध्ये ब्रह्मदेशाच्या मोहिमेच्या वेळी बराकपूर येथे एका पलटणीने कूच करण्यास नकार दिला, त्यामागील कारणांत समुद्रप्रवासाची धास्तीही होती. मुंबईच्या सैन्याची घडण वेगळी होती. त्यात निरनिराळ्या जातिधर्मांचे शिपाई एकाच कंपनीत उभे राहत. मरीन बटालियनमध्ये तर कोकणातील महार समाजाच्या सैनिकांचे प्रमाण विशेष होते. गावात ज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले जाई, त्यांच्याच हाती कंपनीने जहाजावरील बंदूक दिली. कंपनीने हे उदार मनाने केले असे मानण्याचे कारण नाही. तिला समुद्र ओलांडणारा शिपाई हवा होता.

या पलटणीचा इतिहास केवळ राजनिष्ठेचा होता, असेही म्हणता येणार नाही. १८५७ च्या उठावाची झळ मुंबईसही लागली. उठावाच्या कटाच्या आरोपावरून मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन व दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया या दोघांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी देण्यात आले. ती जागा म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा परिसर होय.

या सैन्यातील शिपायाला वेतन व पेन्शन यांखेरीज आणखी एक गोष्ट मिळत असे आणि पुढील इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची ठरली. ती म्हणजे शाळा. कंपनीच्या काळी पलटणीबरोबर शाळा असे व सैनिकांच्या मुलांबरोबर मुलींनाही तीत शिकविले जाई. गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्याला बसू दिले जात नसे, त्या मुलाला छावणीत पाटी-पेन्सिल मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे अशाच एका लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पितामह मालोजी सैन्यात होते, आणि आई भीमाबाई यांचे माहेरही सुभेदाराचे होते. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म महू येथे झाला तो वडिलांची पलटण तेथे होती म्हणून. इंदूरकडील वाचकांस महू परिचित आहे. ते सकपाळांचे मूळ गाव नव्हे. त्यांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे.

निवृत्त झालेला सैनिक पुष्कळदा गावी परतत नसे. छावणीत मिळालेला मान गावाच्या वेशीत शिरताच संपतो, हे त्याला अनुभवाने कळलेले असे. त्यामुळे अनेक पेन्शनर लष्करी वसाहतींच्या आश्रयाने राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे अशा ठिकाणांपैकी प्रमुख होय. पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांनी येथे लष्करी तळ वसविला, म्हणून ‘काँप दापोली’ असे नाव रूढ झाले. तळ उठल्यानंतरही पेन्शनरांची वस्ती राहिली. महिन्याची ठरावीक पेन्शन, लिहिता-वाचता येणारी माणसे आणि ‘हवालदार’, ‘सुभेदार’ ही हुद्द्यांची नावे घेऊन ही वस्ती जगत होती. रामजी सकपाळ निवृत्तीनंतर प्रथम येथेच आले, मग कुटुंब साताऱ्यास गेले. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

अशा या समाजावर एकाएकी आघात झाला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगर लढाऊ जाती’ अशी विभागणी सैन्यभरतीचे धोरण बनली. शंभर वर्षे ज्यांनी बंदूक वाहिली, त्या महार समाजाची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली. यात नोकरी गेली एवढेच नव्हते. पलटण गेली म्हणजे शाळा गेली, पेन्शन गेली आणि पुढच्या पिढीची वाट बुजली.

या वेळी निवृत्त सैनिकांनी जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहत होते. ‘अनार्य दोष-परिहारक मंडळी’ ही संस्था त्यांनी चालविली. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करून त्यांनी धर्ममार्तंडांना अस्पृश्यतेचा आधार विचारला. भरतीबंदीविरुद्ध त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, त्यात आपल्या पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्यासोबत बसण्यास इतर सभासदांनी हरकत घेतली. रणांगणावर चालणारा माणूस सभागृहाच्या बाकावर मात्र चालत नव्हता!

पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हा लढा पुढे नेला. ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक त्यांनी १९०८ मध्ये सुरू केले आणि १९१० मध्ये सैन्य, पोलीस व इतर सरकारी नोकऱ्यांत प्रवेश मिळावा म्हणून थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. या अर्जांचा मुख्य आधार सैनिकी वारसा हाच होता. कोणत्या पलटणीत कोण होते, कोठे लढले, कोणत्या स्तंभावर कोणाची नावे कोरली आहेत, याची उजळणी केवळ अभिमानापोटी होत नव्हती. तो दाव्याचा पुरावा होता. कोरेगाव भीमा येथील स्तंभावरील ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी नावे याच कारणाने लोकांच्या स्मरणात पुन्हा ठळक झाली, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या स्तंभास भेट दिली.

इकडे मरीन बटालियनचे रूपांतर झाले होते. समुद्रावरील काम संपल्यावर ती पायोनियर पलटण बनली, म्हणजे रस्ते खोदणारी, पूल बांधणारी आणि प्रसंगी लढणारी. १९०३ मध्ये तिचे नाव ‘१२१ वी पायोनियर्स’ झाले. १९३२-३३ मध्ये सैन्यातील पायोनियर पलटणीच मोडण्यात आल्या व दीडशे वर्षांची ही परंपरा बंद पडली. पलटणीचे मेसघर, ध्वज आणि वार्षिक मेळावा असतो तोवर तिच्या आठवणी पलटणच सांभाळते. ती मोडली की त्या घराघरांत विखुरतात.

शिक्षकांनी येथे थोडे लक्ष द्यावे. कोकणातील जुन्या सैनिकांच्या घरांत डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक किंवा एखादे पदक अद्याप सापडू शकते. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंगातून ती वाचता येते. अशी कितीतरी पदके अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे जाऊन आटविली गेली आणि त्याबरोबर ती ओळही गेली. विद्यार्थ्यांनी अशा वस्तू घासू नयेत, घरच्या मंडळींच्या परवानगीने कडेवरचा मजकूर उतरवून घ्यावा, कागदाची छायाचित्रे काढावीत आणि मूळ वस्तू घरीच राहू द्यावी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याची एक प्रत ठेवता आली तर अधिक चांगले.

भरतीचा दरवाजा पहिल्या महायुद्धात किलकिला झाला. १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. दुसऱ्या महायुद्धात सरकारला पुन्हा माणसांची निकड भासली. जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि स्वतंत्र महार पलटणीची मागणी त्यांनी जोराने मांडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती बेळगाव येथे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बेळगावची लष्करी ख्याती सर्वश्रुत आहे, परंतु या दुसऱ्या रेजिमेंटचे जन्मस्थानही तेच शहर, ही गोष्ट सीमाभागातील पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरी बटालियन पुढील वर्षी कामठी येथे झाली.

आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे, आणि तीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील व समाजांतील जवान एकत्र सेवा करतात. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधून आले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील २५ नोव्हेंबर १९८७ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्या जागी खंजीर आला.