आठवडा वाईट गेला, की मोजायचा राहिला?

(या महिन्याचा धडा. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा.)



“हा आठवडा काही बरा गेला नाही बाई!” हप्ता द्यायची वेळ आली की बैठकीत हे कुणीतरी बोलतंच. सोमवारी हातात पैसा असतो, रविवारी डबा रिकामा. मधे काय झालं विचारलं, तर सगळ्यात मोठं जे घडलं तेवढंच आठवतं. म्हणून आज एकच आठवडा दिवसागणिक लिहून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा, तुमच्या घरी एक गाय आहे. तुम्ही खुरपणीला जाता. घरात सासूबाई आहेत, मुलगी शाळेत जाते. मालकांचा पगार महिन्याच्या शेवटी होतो, म्हणून तो यात धरलेला नाही. आठवडा सुरू होताना डब्यात ६०० रुपये आहेत.

सोमवार : दुधाचं बिल झालं. पशुखाद्याचं पोतं कापून १,३०० हातात आले. शिल्लक १,९००.
मंगळवार : आठवडी बाजार, तेल-मीठ, भाजी ६५०. शिल्लक १,२५०.
बुधवार : मुलीच्या शाळेची सहल ३००. शिल्लक ९५०.
गुरुवार : तीन दिवसांच्या खुरपणीची मजुरी ९०० मिळाली. शिल्लक १,८५०.
शुक्रवार : सासूबाईंना ताप. रिक्षा, खासगी दवाखाना, रक्ततपासणी, गोळ्या मिळून १,३००. शिल्लक ५५०.
शनिवार : भावकीतल्या लेकीच्या बाळाचं बारसं. आहेर आणि झबलं-टोपडं ४००. शिल्लक १५०.
रविवार : गटाची बैठक. बचत १०० आणि कर्जाचा हप्ता ८००, असे ९०० हवेत. कमी पडले ७५०.

आता सांगा, कशामुळे कमी पडले? आपण पटकन म्हणतो, “सासूबाईंच्या दुखण्यामुळे.” पण जरा थांबा. प्रत्येक खर्चापुढे एक खूण करा.

ठरलेला खर्च : बाजार आणि गटाचे पैसे. ६५० अधिक ९००, म्हणजे १,५५०.
अचानक आलेला खर्च : दवाखाना १,३००.
माहीत असून विसरलेला खर्च : सहल ३०० आणि बारसं ४००, म्हणजे ७००.

सहलीची चिठ्ठी शाळेतून महिनाभर आधी आली होती. बारसं तर अचानक येतच नाही. लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाच सगळ्या भावकीला कळलं होतं. हे ७०० आधीपासून थोडे थोडे बाजूला पडले असते, तर एवढं दुखणं येऊनही फक्त ५० रुपये कमी पडले असते. म्हणजे आठवडा एकट्या तापाने मोडला नाही. विसरलेल्या खर्चानेही मोडला. ताप आपल्या हातात नव्हता, पण हे ७०० होते.

आणखी एक गोष्ट पाहा. गुरुवारी हातात १,८५० होते. अशाच दिवशी दारात भांडीवाला येतो आणि मनही मोठं होतं. पण त्यातले ९०० रविवारचे होते. हातात आहेत म्हणून सगळे आपले नसतात.

मग काय करायचं?

१) पैसे येतील त्याच दिवशी गटाचे पैसे वेगळ्या डब्यात टाका. उरतील त्यावर घर चालवा.

२) विसरलेल्या खर्चासाठी आठवड्याला ५० रुपये बाजूला ठेवा. वर्षाचे २,६०० होतात. सहल, आहेर, सणाची खरेदी यातून निघते. विम्याचे पैसेही याच खर्चात धरा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे २० आणि जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये मे महिन्याच्या शेवटी बँक खात्यातून कापले जातात. तेव्हा खात्यात शिल्लक हवी.

३) आजारपणात आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आठवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रात्री-अपरात्री गंभीर वेळ आली तर १०८ ला फोन करा. ती गाडी मोफत आहे.

४) उसने घ्यायचे तर कमी पडले तेवढेच घ्या. घाबरून सावकाराकडून शेकडा दहाने ५,००० घेतले, तर महिन्याला ५०० नुसतं व्याज. गटातून शेकडा दोनने ७५० घेतले, तर महिन्याचं व्याज १५ रुपये. खड्डा केवढा आहे ते आधी मोजा, मग माती आणा.

हिशोब लिहायला नवी वही लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब आपण लिहितोच. त्याच चौकटीत आलेले आणि गेलेले रुपये लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. रोज दोन मिनिटांचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हप्ता जमला नाही म्हणून लाजेने घरी बसू नका. बैठकीला न आलेली बाईच पुढे सावकाराच्या दारात उभी राहते. पैसे नसले तरी कॅलेंडर घेऊन या. पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पाचही गोष्टी नियमित हव्यात, आणि त्यात बैठक पहिली आहे. अध्यक्ष-सचिव ताईंनो, तुम्हीही “हप्ता का नाही आणला?” असं एकदम विचारू नका. “आठवडा कसा गेला, दाखव बरं,” असं विचारा. आकडे समोर आले की भांडण कमी होतं आणि वाट सापडते.

बैठकीत चर्चा करा :

• मागच्या आठवड्यात तुमच्या घरी माहीत असून विसरलेला खर्च कोणता झाला?
• पुढच्या तीन महिन्यांत असे कोणते खर्च येणार आहेत?
• ऐनवेळच्या आजारपणासाठी आपल्या गटातून किती रुपये, किती दिवसांत मिळू शकतात? ठराव वहीत लिहा.