हवेचे तपमान कोठे मोजावे?

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण वजनाचे आहे, आकारमानाचे नव्हे. ठराविक आकारमानाच्या सिलिंडरात किती वजनाची हवा मावेल हे तिच्या दाबावर आणि तपमानावर अवलंबून असते. दाब वाढला की हवा दाट होते. तपमान वाढले की ती विरळ होते. म्हणून इंधन किती सोडावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची हे ठरविताना मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला आत येणाऱ्या हवेचे तपमान ठाऊक असावे लागते. ते कळविण्याचे काम एक छोटासा संवेदक करतो. साध्या एंजिनात त्याच्या जागेत थोडा फरक पडला तरी फारसे बिघडत नाही. परंतु टर्बोचार्जर असलेल्या व अधिक शक्तीसाठी फेरजुळणी केलेल्या गाडीत संवेदकाच्या जागेवर एंजिनाची सुरक्षितता अवलंबून राहते.

एकाच हवेची तीन तपमाने

बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर चक्र फिरवून आत येणारी हवा दाबावयाची, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना. तिच्याशी स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे नाव निगडित आहे. त्यांनी १९०५ साली तिचे एकस्व घेतले. हवा दाबली की ती तापते, ही गोष्ट मात्र टाळता येत नाही.

समजा, बाहेरची हवा ३०° से. आहे आणि टर्बोचार्जरच्या संपीडकाने तिचा दाब दुप्पट केला. संपीडक आदर्श असता तरी हवेचे तपमान सुमारे ६६ अंशांनी वाढले असते. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ही वाढ सुमारे ९५ अंशांची होते, म्हणजेच हवा १२५° से. तपमानाने बाहेर पडते. पुढे इंटरकूलर नावाच्या, रेडिएटरसारख्या जाळीतून ती जाते. या जाळीने वाढीव उष्णतेपैकी ७० टक्के काढून घेतली तर हवा सुमारे ५८° से. वर येते. एअर फिल्टरपाशी ३०, संपीडकापुढे १२५ आणि इंटरकूलरनंतर ५८ अशी एकाच प्रवाहाची तीन तपमाने झाली. सिलिंडरात शिरणाऱ्या हवेच्या सर्वांत जवळचे तपमान यांपैकी तिसरे होय.

संवेदकाचे कार्य

संवेदकात थर्मिस्टर हा घटक असतो. तपमान वाढले की त्याचा विद्युत् रोध घटतो. प्रचारातील एका प्रकारात २०° से. ला हा रोध सुमारे २,५०० ओहम असतो, तर १००° से. ला तो २०० ओहमच्याही खाली येतो. हा बदल नियंत्रक विद्युत् दाबाच्या रूपाने वाचतो.

थर्मिस्टर वस्तुतः स्वतःचेच तपमान दर्शवितो. त्याच्याभोवती वेगाने हवा वाहत असेल तर तो हवेच्या तपमानाला येतो; हवा मंद असेल आणि तो तापलेल्या धातूत घट्ट बसविलेला असेल तर त्या धातूच्या तपमानाकडे झुकतो. पितळी आवरणात बंद असलेला घटक सावकाश तापतो व सावकाश निवतो. उघडा मणी असलेला, प्लॅस्टिकच्या देहाचा संवेदक बदल त्वरेने टिपतो. टर्बोचार्जरचा दाब थोड्याच अवधीत चढत असल्यामुळे अशा गाडीत हा दुसरा प्रकारच श्रेयस्कर.

चुकीच्या जागेचे परिणाम

दाब व तपमान यांवरून हवेचे वजन काढणारा नियंत्रक घेऊ. त्याचा संवेदक संपीडकाच्या आधी असेल तर ५८ अंशांची हवा त्याला ३० अंशांची भासते. हवा प्रत्यक्षाहून सुमारे ९ टक्के अधिक आहे असे समजून तो इंधन जास्त सोडतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, इंटरकूलर तापून हवा ५८ वरून ८० अंशांवर गेली तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही. गरम हवेमुळे सिलिंडरातील न जळलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका वाढतो. अशा वेळी ठिणगी थोडी उशिरा पाडावयास हवी. पण तशी सूचनाच नियंत्रकाला मिळत नाही. दाब जास्त असताना नॉकिंग चालू राहिले तर दट्ट्या फुटू शकतो.

उलट, संवेदक हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या जाड ॲल्युमिनियममध्ये बसविला, तर तो सिलिंडराला सर्वांत जवळ असूनही फसवितो. गाडी गरम असताना थांबली की मॅनिफोल्ड एंजिनाच्या उष्णतेने तापतो. पुन्हा निघताना हवा ५० अंशांची असूनही संवेदक ८० दाखवितो. नियंत्रक हवा सुमारे ८ टक्के कमी धरतो, इंधन तितकेच कमी पडते, आणि नेमके जोर लावण्याच्या वेळी मिश्रण विरळ होते.

एक उदाहरण

सुबारू कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या गाडीत हवेचे तपमान मोजणारा घटक एअर फिल्टरजवळच्या हवामापकातच असतो. तेथे हवेचे वजन प्रत्यक्ष मोजले जात असल्याने इंधनाच्या हिशेबाला ही जागा चालते. परंतु फेरजुळणी करताना हा मापक काढून दाब व तपमान यांवर आधारलेली पद्धत स्वीकारली, की इंटरकूलरनंतर नवा संवेदक बसविणे आवश्यक ठरते. या गाडीचा इंटरकूलर एंजिनाच्या माथ्यावर असून बॉनेटवरील झरोक्यातून त्याला वारा मिळतो. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि खालची उष्णता जाळीत मुरते. ही खरी वाढ पुढील संवेदक टिपतो. एअर फिल्टरपाशी ती कळणे शक्य नसते.

योग्य जागा व पडताळा

सामान्यतः इंटरकूलर व थ्रॉटल झडप यांमधील थंड नळी ही सर्वोत्तम जागा होय. घटकाचे टोक नळीच्या मध्यभागाजवळ, प्रवाहात उघडे असावे. नळीला छिद्र पाडताना ती गाडीवरून उतरवावी, म्हणजे धातूचा कीस एंजिनात जाणार नाही. पाणी वा मेथॅनॉल फवारण्याची सोय असेल तर थेंब घटकावर पडू देऊ नयेत; ओला घटक हवेपेक्षा थंड आकडा दाखवितो.

या जागेलाही मर्यादा आहे. मंद प्रवाहात हवा पुढे मॅनिफोल्डमध्ये आणखी तापते, आणि ते या संवेदकाला दिसत नाही. म्हणून काही नियंत्रकांत हवेचे व एंजिनातील पाण्याचे तपमान एकत्र करून अंदाज बांधतात; प्रवाह वाढेल तसा हवेच्या आकड्याला अधिक भार देतात.

पडताळा सोपा आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत एंजिन सुरू करण्यापूर्वी हवेचे, पाण्याचे व बाहेरचे तपमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. नंतर गरम गाडी दहा मिनिटे उभी करून पुन्हा चालवावी आणि आकडा किती लवकर उतरतो ते पाहावे. तो फार काळ वरच राहिला तर संवेदक किंवा इंटरकूलर धातूची उष्णता धरून बसला आहे, असे समजावे.

शेवटी एक दक्षता महत्त्वाची. नियंत्रकातील सुधारणांचे तक्ते संवेदकाच्या विशिष्ट जागेला अनुसरून तयार केलेले असतात. संवेदक हलविला आणि तक्ते जुनेच ठेवले, तर अधिक खरा आकडाही चुकीचा निर्णय घडवितो. जागा बदलली की तक्तेही नव्याने जुळविले पाहिजेत.