इंग्रजी उताऱ्यांचा सराव: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

बारावीचे वर्ष उजाडले की घरात इंग्रजीचा खर्च सुरू होतो. डायजेस्ट येते, मग अपेक्षित प्रश्नसंच, मग क्लासची फी. आता त्यात ॲपच्या वर्गणीचीही भर पडली आहे. यातले बरेचसे पैसे सरावाचे उतारे आणि त्यांची छापील उत्तरे मिळवण्यात जातात, आणि नेमक्या याच दोन गोष्टी मोफत मिळतात. सहज मिळत नाही ती तपासणी. मुलाने स्वतः लिहिलेले उत्तर कोणीतरी नीट वाचावे आणि गुण कुठे गेला ते दाखवावे, ही सोय फार थोड्या मुलांना मिळते. म्हणून या लेखाचा सल्ला एका ओळीत सांगायचा तर, उतारे विकत घेऊ नका, तपासणी विकत घ्या.

पुढचा हिशेब महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीचा आहे. दहावी आणि सीबीएसईच्या मुलांसाठीची माहिती शेवटी दिली आहे.

वाचनावर किती गुण अवलंबून आहेत?

बारावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो आणि वेळ तीन तास. पहिल्या प्रश्नात पाठ्यपुस्तकातला उतारा १२ गुणांना येतो, दुसऱ्यात अपठित म्हणजे अनसीन उतारा तितक्याच गुणांना, आणि कवितेचा उतारा १० गुणांना. या तिन्हींची बेरीज ३४ होते. शिवाय दुसऱ्या प्रश्नात सारांशासारखी कृतीही असते.

१२ गुणांच्या उताऱ्यात प्रत्येकी २ गुणांच्या सहा कृती असतात. पहिल्या दोन उताऱ्यातल्या माहितीवर असतात, तिसरी अनुमानावर, चौथी स्वतःच्या मतावर, पाचवी व्याकरणावर आणि सहावी शब्दसंपत्तीवर. पैशाचा विचार करताना ही विभागणी डोळ्यांपुढे ठेवावी. पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या कृतीचे उत्तर बरोबर आहे की चूक, हे उत्तरसूची पाहून मूल स्वतःच ठरवू शकते. अनुमान आणि स्वमताचे तसे नसते. तिथे दहा मुलांची दहा उत्तरे वेगळी असतात आणि छापील उत्तर पाठ करून काही साधत नाही. उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवणे, मत सांगून कारण न देणे, प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच मुद्द्याचे असणे, या चुका मुलाला स्वतःला दिसत नाहीत. माणसाने तपासायचा भाग एवढाच आहे: उताऱ्यातले ४ गुण आणि सारांश. तपासणीचा खर्चही त्यामुळे आटोक्यात राहतो.

मोफत काय मिळते?

*पाठ्यपुस्तक.* बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. पहिल्या प्रश्नातला उतारा याच पुस्तकातून येतो. त्यामुळे डायजेस्टमधला धड्याचा सारांश वाचून मूळ धडा वाचण्याची जागा भरून निघत नाही. धडा मुळातून दोनदा वाचणे हा सर्वांत स्वस्त सराव आहे.

*प्रश्नपेढ्या.* राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने कोरोनाच्या काळात दहावी-बारावीसाठी विषयवार प्रश्नपेढ्या मोफत दिल्या होत्या. कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या वर्षांच्या कृतिपत्रिका आणि सराव परीक्षांचे पेपर बहुधा जपून ठेवलेले असतात. सरांना किंवा मॅडमना विचारले तर मिळतात.

*गोष्टी.* बारावीच्या पुस्तकात ओ. हेन्री यांची ‘द कॉप अँड द अँथेम’ ही कथा आहे. ओ. हेन्री १९१० मध्ये वारले. त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे आणि त्यांच्या इतर कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत वाचता येतात. ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ ही जेमतेम तीन-चार पानांची कथा अनुमानाच्या सरावासाठी उत्तम आहे. ज्या मुलांना बारावीच्या पातळीचे इंग्रजी जड जाते, त्यांनी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या वरच्या पायरीच्या गोष्टींपासून सुरुवात करावी. ब्रिटिश कौन्सिलच्या किशोरांसाठीच्या संकेतस्थळावर पायरीपायरीने वाचनाचे पाठ दिले आहेत आणि प्रत्येकाखाली प्रश्नही आहेत. या दोन्ही ठिकाणी काही द्यावे लागत नाही.

*गुणदानाचा नमुना.* सीबीएसई दरवर्षी आपल्या नमुना प्रश्नपत्रिका गुणदान योजनेसह संकेतस्थळावर टाकते. राज्य मंडळाच्या मुलांनीही ती एकदा वाचावी. २ गुणांच्या उत्तरात परीक्षक नेमके काय शोधतो, ते त्यातून कळते.

थोड्या पैशांत काय घ्यावे?

येथून पुढचे दर हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावातले दर घालून हाच हिशेब करा.

*छपाई.* परीक्षा कागदावर असते, म्हणून सरावही कागदावरच हवा. एका उताऱ्याची दोन पाने आणि पानाला २ रुपये धरले, तर आठवड्याला ४ रुपये पडतात. जून ते जानेवारी असे ३० आठवडे धरले, तर १२० रुपये.

*वही.* दोन जाड वह्यांना १०० रुपये.

*वर्तमानपत्र.* इंग्रजी दैनिक रोज लावून ते घडीतच राहात असेल, तर पैसे वाया गेले. त्यापेक्षा आठवड्यातून दोन अंक घ्यावेत. अंकाला ८ रुपये धरले, तर महिन्याच्या आठ अंकांचे ६४ आणि आठ महिन्यांचे ५१२ रुपये होतात. शेजारी इंग्रजी दैनिक येत असेल तर रद्दीत जाण्याआधी मागून आणा. संपादकीयाने सुरुवात करू नका. शहराच्या पानावरची बातमी, मग एखादा लेख आणि मग संपादकीय, अशी चढण ठेवा.

*शब्दकोश.* शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्यावा. त्यात सोपा अर्थ आणि वापराचे वाक्य दोन्ही असतात. जुना चालेल. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांत शोधावा. त्याचे २५० रुपये धरू.

*ग्रंथालय.* गावातल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी बहुधा अगदी माफक असते. अनामत वेगळी घेतात आणि सभासदत्व सोडताना ती परत मिळते. तिची पावती जपून ठेवा. अनेक ग्रंथालयांत इंग्रजी दैनिके बसून वाचता येतात, त्यामुळे वर्तमानपत्राचा खर्च वाचतो.

डायजेस्ट घ्यायचेच असेल तर एकच घ्या आणि मोठ्या भावंडाचे जुने चालते का ते आधी पाहा. अभ्यासक्रम आणि कृतिपत्रिकेचा आराखडा तोच असेल, तर दरवर्षीच्या नव्या आवृत्तीची गरज पडत नाही. आराखडा बदलला आहे का, हे जूनमध्येच कॉलेजात विचारून घ्या.

तपासणी कोणाकडून?

पहिला हक्क कॉलेजच्या शिक्षकांवर. वर्गात ऐंशी-शंभर मुले असतात, त्यामुळे पूर्ण पेपर तपासून मागणे त्यांच्यावर भार टाकणारे ठरते. मात्र एका पानावर लिहिलेली दोन उत्तरे पंधरा दिवसांतून एकदा पुढे ठेवली, तर नाही म्हणणारे शिक्षक थोडे. यासाठी खर्च काहीच नाही, नेटाने जात राहावे लागते एवढेच.

दुसरी सोय म्हणजे परिसरातले निवृत्त शिक्षक किंवा इंग्रजी घेऊन एम. ए. करणारा विद्यार्थी. शिकवणी लावायची नाही, फक्त तपासणी हवी, असे स्पष्ट बोलावे. आठवड्याला एक पान, त्यावर अनुमान, स्वमत आणि सारांश. पानाला ५० रुपये ठरले, तर ३० आठवड्यांचे १,५०० रुपये होतात. तपासणाऱ्याला तीन गोष्टी सांगून ठेवा: २ पैकी गुण द्यायचे, गुण का कापला ते एका वाक्यात लिहायचे आणि बरोबर उत्तर स्वतः लिहून द्यायचे नाही. ते मुलाने पुन्हा लिहायचे.

मोबाइलवरच्या एआय सहायकालाही उत्तर दाखवता येते आणि त्याची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. मुलाने आधी स्वतः लिहावे, मग ‘यात कारण दिले आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारावा. उत्तर त्याच्याकडूनच लिहून घेतले तर सराव त्याचा होतो, मुलाचा नाही. त्याचे म्हणणे चुकूही शकते, म्हणून उताऱ्याशी ताडून पाहावे.

क्लास किंवा ॲपचे पैसे भरण्यापूर्वी

चांगला क्लास उपयोगी पडतोच. तो चांगला आहे की नाही हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: वर्षात माझ्या मुलाच्या किती उत्तरपत्रिका तपासून, शेरे लिहून परत मिळतील? फीला त्या संख्येने भागा. समजा फी ८,००० रुपये आहे आणि दहा पेपर तपासून मिळणार आहेत, तर एका तपासणीला ८०० रुपये पडले. शिकवणे मुलाला खरोखर हवे असेल तर हा भाव रास्त ठरू शकतो. केवळ सरावासाठी तो महाग आहे.

आणखी काही गोष्टी लेखी विचारून घ्या:

• फीमध्ये जीएसटी धरला आहे की वेगळा? उलाढालीमुळे नोंदणी लागू होणाऱ्या खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो. ८,००० वर तो १,४४० रुपये होतो.

• मधेच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल आणि किती दिवसांत? केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी.

• ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे कर्ज आहे का? हप्ते वित्तसंस्थेचे असतील, तर क्लास बंद केला म्हणून ते आपोआप थांबत नाहीत. कागद पूर्ण वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

• ॲपच्या वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होते का? पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश आला की लगेच निर्णय घ्या.

शंभर टक्के निकालाच्या किंवा हमखास गुणांच्या जाहिरातीवर फी भरू नका. अशा खोट्या हमीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती, माहितीपत्रक आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा. पुरावा तोच असतो.

तीन अंदाजपत्रके

• २२० रुपये: छपाई आणि वह्या. तपासणी कॉलेजच्या शिक्षकांकडून.

• ९८२ रुपये: वरचे सर्व, शिवाय आठवड्याला दोन वर्तमानपत्रे आणि जुना शब्दकोश.

• २,४८२ रुपये: वरचे सर्व, शिवाय दर आठवड्याची पानभर तपासणी.

माझ्या मते बहुतेक घरांना तिसरे अंदाजपत्रक सर्वांत फायद्याचे आहे. एवढे झेपत नसेल तर वर्तमानपत्र आणि शब्दकोश गाळा, तपासणी गाळू नका.

आठवडा कसा लावावा?

तीन तासांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. १२ गुणांच्या उताऱ्याला २७ मिनिटे येतात. पहिले दोन महिने घड्याळ बाजूला ठेवा आणि समजून वाचण्यावर भर द्या. त्यानंतर २७ मिनिटांचा गजर लावा. एका दिवशी उतारा सोडवावा, दुसऱ्या दिवशी सूचीवरून ताडावा, तिसऱ्या दिवशी दोन उत्तरे तपासायला द्यावीत आणि परत आल्यावर ती नव्याने लिहावीत. आठवड्याला असा एक उतारा पुरेसा आहे. न तपासलेल्या पाच उताऱ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

दहावी आणि सीबीएसई

राज्य मंडळाच्या दहावीत तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या पेपरात पाठ्यपुस्तकातले उतारे २० गुणांना, कविता १० गुणांना आणि पुस्तकाबाहेरचा उतारा सारांशासह १५ गुणांना असतो. सीबीएसईच्या दहावीत वाचनाला ८० पैकी २०, तर बारावीच्या इंग्रजी कोअरमध्ये २२ गुण आहेत. हिशेबाची रीत सर्वांना सारखीच लागू पडते.

या आठवड्यात खर्चाआधी एक गोष्ट करा. एक अपठित उतारा मुलाला २७ मिनिटांत सोडवायला द्या आणि तो कॉलेजच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. गुण शब्दांमुळे गेले असतील तर वाचन वाढवा, अनुमान आणि स्वमतात गेले असतील तर तपासणी लावा, वेळ पुरला नसेल तर गजर लावून सराव करा. पहिल्याला ग्रंथालयाची वर्गणी पुरते, दुसऱ्याला आठवड्याचे ५० रुपये लागतात, आणि तिसऱ्याला खर्चच नाही.